न पाहिलेल्या खेळांची आगाऊ खरेदी

दर वर्षी डिसेंबर महिना आला, की व्हिडिओ गेमच्या जगात येत्या वर्षाच्या याद्या फिरू लागतात. कोणता खेळ कधी येणार, कोणाची तारीख पुढे गेली, कोणाचा ट्रेलर किती जणांनी पाहिला, यांवर जी चर्चा झडते ती ऐकली म्हणजे अर्थसंकल्पाच्या आदल्या आठवड्यातील आपल्याकडची चर्चाही मिळमिळीत वाटावी. प्रौढ वाचक यावर ‘पोरांचा उद्योग’ असे म्हणून पान उलटील. तसे त्याने करू नये, अशी प्रस्तुत लेखकाची विनंती आहे. कारण या याद्यांच्या मागे एक असा व्यवहार उभा आहे, की ज्यात ग्राहक आपल्या हातातील एकमेव हत्यार आपण होऊन विक्रेत्याच्या स्वाधीन करतो. आणि हा व्यवहार आता पगारदार मध्यमवर्गाच्या घरांतूनही होऊ लागला आहे.

प्रथम या व्यापाराचा आकार पाहू. अमेरिकेतील रॉकस्टार या कंपनीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेतील पाचवा खेळ १७ सप्टेंबर २०१३ रोजी विक्रीस आला, तेव्हा पहिल्या तीन दिवसांतच त्याची विक्री शंभर कोटी डॉलरांवर गेली. पुढच्या बारा वर्षांत त्याच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. या मालिकेतील सहाव्या खेळाचा दीड मिनिटाचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि चोवीस तासांत तो नऊ कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. त्या वेळी खेळ २०२५ साली येईल असे सांगण्यात आले होते. मे २०२५ मध्ये ही तारीख २६ मे २०२६ वर गेली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती पुन्हा ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ करण्यात आली. या दुसऱ्या घोषणेबरोबर टेक-टू या मालक कंपनीच्या शेअरचा भाव तत्काळ घसरला. एका खेळाच्या तारखेमुळे एका मोठ्या कंपनीचे बाजारमूल्य हलते, इतकेच नव्हे, तर इतर कंपन्या आपापले वेळापत्रकही त्या तारखेकडे डोळा ठेवून आखतात. गावच्या जत्रेची तारीख ठरल्यावर आसपासच्या गावांनी आपले आठवडेबाजार पुढेमागे करावेत, तसाच हा प्रकार. २०२६ सालासाठी घोषित झालेल्या इतर खेळांची स्थिती याहून फार वेगळी नव्हती. जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘रेसिडेंट इव्हिल रिक्विएम’साठी फेब्रुवारीअखेरची तारीख दिली, जेम्स बाँडवरील ‘००७ फर्स्ट लाइट’ या खेळाला आधी मार्च महिना दिला होता, तो नंतर मे महिन्यावर गेला.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. व्हिडिओ गेम म्हटल्याबरोबर आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांसमोर पैसे लावून खेळले जाणारे पत्ते आणि क्रिकेटचे संघ बांधण्याचे खेळ येतात. त्या प्रकारावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली. प्रस्तुत लेखाचा त्याच्याशी संबंध नाही. येथे विचार आहे तो पुस्तकासारखा किंवा चित्रपटासारखा एकदा किंमत देऊन घ्यावयाच्या खेळांचा. भारतात बहुसंख्य मुले मोबाईलवर फुकट मिळणारे खेळ खेळतात, हे खरे आहे. परंतु ज्या घरांत अर्ध्या लाखाहून अधिक किमतीचे कन्सोल येऊन बसले आहे, तेथे एका नव्या मोठ्या खेळाला सुमारे पाच हजार रुपये पडतात. ही किंमत अमेरिकेतील सत्तर डॉलरांच्या जवळपास जाते. वेतन मात्र अमेरिकेतील नव्हे. वर्गात पुढच्या बाकावर बसणारा, एरवी चहाच्या पैशांचा हिशेब ठेवणारा विद्यार्थी हे पाच हजार रुपये खेळ निघण्यापूर्वी तीन-चार महिने भरून मोकळा होतो, तेव्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकाने कोड्यात पडणे स्वाभाविक आहे.

रांग कशासाठी?

या पद्धतीला प्री-ऑर्डर, म्हणजे आगाऊ नोंदणी, असे म्हणतात. आपल्या पिढीला नोंदणी ही गोष्ट अपरिचित नाही. परवाना-पद्धतीच्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. नंबर लागलेली स्कूटर काळ्या बाजारात नव्या किमतीपेक्षा जास्त भावाने विकली जाई, आणि मुलीच्या लग्नाचा विचार मनात येताच बापाने स्कूटरची नोंदणी करून ठेवावी, असा तो काळ होता. ती रांग दुःखदायक होती खरी, परंतु तिला कारण होते. कारखान्याला जितक्या स्कूटर काढण्याची परवानगी होती त्याहून मागणी कितीतरी अधिक होती. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोरनाई यांनी १९८० साली टंचाईच्या अर्थव्यवस्थेचे जे विवेचन केले, त्यातील ग्राहक आणि पुण्या-मुंबईचा स्कूटरवाला हे एकाच जातकुळीचे.

आता गेमकडे पाहा. आज बहुतेक खेळ डाउनलोड करून घेतले जातात. पहिली प्रत तयार करण्यास कोट्यवधी डॉलर आणि शेकडो माणसांची कित्येक वर्षे खर्ची पडतात. दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही, आणि दहा लाखावी प्रत काढण्यासही तितकेच. माल संपला, असे होण्याचा संभव नाही. पहिल्या दिवशी जो भाव तोच दहाव्या दिवशी. किंबहुना काही महिन्यांनी तो उतरतो. मग रांगेत उभे का राहावयाचे? स्कूटरवाल्याला रांगेत न राहिल्यास स्कूटर मिळत नसे. गेमवाल्याला रांगेत न राहिल्यास गेम उलट स्वस्त मिळतो आणि मधल्या काळात दुरुस्त होऊन मिळतो. टंचाई नसलेल्या मालासाठी ही रांग असल्याने ती लावण्याकरिता निराळे उपाय योजावे लागतात, आणि तेच या व्यापाराचे खरे कौशल्य होय.

आगाऊ नोंदणीला एके काळी व्यवहारी कारण होते, हे मान्य केले पाहिजे. खेळ जेव्हा प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजमधून येत, तेव्हा ती कारखान्यात तयार करावी लागत, दुकानांत पाठवावी लागत, आणि मागणीचा अंदाज चुकला तर माल अंगावर पडे. अटारी या अमेरिकन कंपनीची हकीकत या दृष्टीने उद्बोधक असून ती जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९८१ मध्ये अटारीने आपल्या वितरकांना कळविले, की १९८२ च्या संपूर्ण वर्षाची मागणी आताच एकदम नोंदवा. वितरकांचा पूर्वानुभव असा, की मागितलेला सगळा माल कधीच मिळत नाही. म्हणून त्यांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त मागणी लिहून ठेवली. रेशनच्या दुकानात साखर कमी मिळते म्हणून कार्डावर दोन नावे अधिक चढवावीत, तसेच हे. कंपनीने मात्र ही फुगलेली मागणी खरी मानली. पुढच्या वर्षी बाजारात प्रतिस्पर्धी आले, वितरकांनी मागण्या रद्द करण्यास सुरुवात केली, आणि माल तर आधीच तयार होता.

त्यातच स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ नाताळच्या बाजारात आणावयाचा म्हणून तो अवघ्या पाच आठवड्यांत तयार करून घेण्यात आला. खेळ विस्कळीत होता; मुलांनी तो परत आणून दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये न खपलेली कार्ट्रिज न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथील कचऱ्याच्या खड्ड्यात पुरण्यात आली. लोकांना ही दंतकथा वाटत असे. एप्रिल २०१४ मध्ये खड्डा खणला तेव्हा ती खरी निघाली. एका खेळाने सगळा धंदा बुडविला, असे म्हणण्याची पद्धत आहे. ती फारशी खरी नाही. धंदा बुडाला तो न पाहिलेल्या मालाच्या फुगलेल्या नोंदणीमुळे आणि निकृष्ट मालाच्या महापुरामुळे. उत्तर अमेरिकेतील घरगुती खेळांचा बाजार दोन वर्षांत जवळजवळ नामशेष झाला. १९८५ मध्ये निन्टेन्डोने तेथे पाऊल ठेवले, ते खेळांवर आपल्या तपासणीचा शिक्का मारून आणि प्रत्येक निर्मात्याने वर्षाला पाचच खेळ काढावेत अशी अट घालून. म्हणजे विश्वास परत मिळविण्यासाठी माल मुद्दाम कमी करावा लागला.

अटारीच्या वेळी न पाहिलेल्या मालाचा धोका वितरकाने आणि कंपनीने उचलला होता. आजच्या पद्धतीत तो धोका उचलून थेट ग्राहकाच्या खांद्यावर ठेवण्यात आला आहे, आणि त्याबद्दल ग्राहकाला काय मिळते, तर खेळातील एखादा रंगीत अंगरखा किंवा वेगळ्या नक्षीची तलवार.

निकाल आधी, सुनावणी नंतर

अर्थशास्त्रात काही वस्तूंना अनुभव-वस्तू म्हणतात. भाजी हातात घेऊन पाहता येते; परंतु चित्रपट, पुस्तक किंवा हॉटेलातील जेवण यांची प्रत उपभोगानंतरच कळते. फिलिप नेल्सन यांनी हा भेद १९७० मध्ये मांडला. त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विक्रेत्याला मालाची खरी प्रत माहीत आहे आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. या विचारासाठी त्यांना पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा बाजारात ग्राहकाच्या बाजूने तीन-चारच गोष्टी उभ्या असतात: परीक्षकाचे मत, शेजाऱ्याचा अनुभव, विक्रेत्याची जुनी पत आणि माल परत करण्याची सोय. आगाऊ नोंदणी करणारा यांतील पहिल्या दोन आपण होऊन टाकून देतो. खेळाचे परीक्षण येण्यापूर्वीच तो पैसे देण्याचे ठरवितो. त्याच्यापाशी उरते ती विक्रेत्याची पत.

ती पत किती भरवशाची, हे डिसेंबर २०२० मध्ये दिसले. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट ही कंपनी ‘विचर’ या खेळामुळे नावारूपाला आलेली, ग्राहकांशी सचोटीने वागणारी म्हणून ख्याती असलेली. तिने ‘सायबरपंक २०७७’ या खेळाची घोषणा २०१२ मध्ये केली. १६ एप्रिल २०२० ही तारीख दिली. ती सप्टेंबरवर गेली, नंतर नोव्हेंबरवर, अखेर १० डिसेंबर ठरली. तोपर्यंत ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी आगाऊ नोंदणी केली होती. परीक्षकांना आधी जी प्रत दिली ती फक्त संगणकावर चालणारी होती. त्यांनी स्वतः खेळताना घेतलेली चित्रफीत दाखवू नये, अशीही अट होती. परीक्षणे उत्तम आली. जुन्या कन्सोलवर, म्हणजे ज्यांच्यापाशी नवे यंत्र घेण्याइतके पैसे नव्हते अशा लोकांच्या यंत्रांवर, खेळ कसा चालतो हे मात्र विक्रीच्या दिवसापर्यंत बाहेर आले नाही. तो चालत नव्हता. माणसांचे चेहरे अर्धवट उमटत, मोटारी हवेत लटकत, खेळ मध्येच बंद पडे. आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देण्याची तयारी दाखविली. तेथे तो परत येण्यास जून २०२१ उजाडले. एवढे होऊनही २० डिसेंबरपर्यंत एक कोटी तीस लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. भागधारकांनी अमेरिकेत लावलेला दावा पुढे साडेअठरा लाख डॉलरांवर मिटला.

हे सर्व घडत असताना त्या कंपनीतील कामगारांचे काय झाले, याची नोंद क्वचितच केली जाते. सक्तीचे जादा काम लावणार नाही, असे व्यवस्थापनाने पूर्वी सांगितले होते. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये सहा दिवसांचा आठवडा सक्तीचा करण्यात आला. जाहीर केलेली तारीख आणि घेतलेली नोंदणी या दोन्हींचे ओझे अखेर कोठे उतरते, ते यावरून दिसते. लाखो लोकांना शब्द दिलेला असतो, भागधारक तिमाहीचे आकडे मागत असतात, आणि कोपऱ्यातील टेबलावर बसलेला प्रोग्रॅमर रात्री अकरा वाजता घरी जातो. तारीख पुढे ढकलली की ग्राहक चिडतो. खरे पाहता, अशा ढकलण्याने ग्राहकाचे काही बिघडत नाही. उलट त्याने तिचे स्वागतच करावयास हवे.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सायबरपंकची दुरुस्ती पुढे चिकाटीने करण्यात आली आणि २०२३ पर्यंत तो खेळ चांगल्या खेळांत गणला जाऊ लागला. इंग्लंडमधील हॅलो गेम्स या छोट्या कंपनीच्या ‘नो मॅन्स स्काय’चीही हकीकत अशीच. ऑगस्ट २०१६ मध्ये तो आला तेव्हा त्यात सांगितलेल्या अनेक गोष्टी नव्हत्या; ग्राहकांनी तेथील जाहिरात नियामक संस्थेकडे तक्रारी केल्या, संस्थेने चौकशी करून जाहिरात दिशाभूल करणारी नाही असा निर्वाळा दिला, आणि कंपनीने मात्र पुढची अनेक वर्षे विनामूल्य सुधारणा करून खेळ पार बदलून टाकला. या उदाहरणांवरून काही लोक असा निष्कर्ष काढतात, की आज ना उद्या सगळे नीट होतेच, तेव्हा तक्रार कशाला? परंतु पहिल्या दिवशी पूर्ण किंमत देणाऱ्याला कच्चा माल मिळतो आणि दोन वर्षांनी अर्धी किंमत देणाऱ्याला पक्का मिळतो, ही वाटणी उलटी आहे. ज्याने जास्त विश्वास टाकला त्यालाच जास्त दंड. शिवाय सगळ्याच कंपन्यांना पुढे दुरुस्ती करण्याची बुद्धी आणि ऐपत असते असे नाही. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत दिले, हे त्यातल्या त्यात बरे.

आगाऊ पैसे घेण्याचा प्रत्येक प्रकार सारखा नव्हे, याकडेही दुर्लक्ष होता कामा नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने भारतीय पुराणकथांच्या आधारे ‘राजी’ हा खेळ तयार केला. त्यासाठी त्यांनी २०१७ मध्ये आंतरजालावरून लोकवर्गणी मागितली. ठरविलेली रक्कम जमली नाही. मोठ्या ओढाताणीतून २०२० मध्ये तो खेळ बाहेर आला. अशा निर्मात्याला जो पैसे देतो तो ग्राहक नसून एका अर्थाने आश्रयदाता असतो. पैसे बुडू शकतात हे त्याला ठाऊक असते, आणि त्याचे पैसे न मिळाल्यास खेळ जन्मालाच येत नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या ‘इंडस’ या खेळासाठी एक कोटीहून अधिक लोकांनी पूर्वनोंदणी केल्याचे सांगण्यात आले; तेथे तर पैशाचा प्रश्नच नव्हता, नाव तेवढे नोंदवावयाचे होते. लोकवर्गणीचाही अतिरेक होतो. ‘स्टार सिटिझन’ या खेळासाठी २०१२ पासून लोकांनी ऐंशी कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली आणि २०२५ संपेपर्यंत तो पुरा झालेला नव्हता. परंतु तो विषय निराळा. ज्या कंपनीच्या तिजोरीत आधीच्या खेळाचे अब्जावधी डॉलर पडून आहेत, तिला पुढच्या खेळासाठी विद्यार्थ्याच्या पाच हजारांची गरज नाही.

मग ती ते का मागते? बिनव्याजी कर्ज म्हणून, असे सहज उत्तर दिले जाते, आणि वर्गात तसे सांगितले की विद्यार्थ्यांना पटतेही. तथापि ते पुरते खरे नाही. काही दुकाने नोंदणीच्याच वेळी पैसे घेतात, काही विक्रीच्या दिवसाच्या थोडे आधी घेतात. व्याजाची रक्कम एवढ्या पसाऱ्यात किरकोळ होय. कंपनीला हवा असतो तो निकाल. परीक्षणे येण्यापूर्वीच विक्री झालेली असली, की परीक्षणांची धार बोथट होते. भागधारकांना आकडा दाखविता येतो. आणि पहिल्या आठवड्याच्या यशाची बातमी स्वतःच पुढच्या ग्राहकाला ओढून आणते.

छप्पर नसलेले डबे

या व्यापारातील आणखी एक युक्ती अशी, की अधिक पैसे देणाऱ्याला खेळ काही दिवस आधी द्यावयाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ हा खेळ सहा तारखेला यावयाचा होता. महाग आवृत्ती घेणाऱ्यांना तो एक तारखेलाच खेळता आला. म्हणजे खेळ एक तारखेला तयार होता. साध्या किमतीच्या ग्राहकाला पाच दिवस थांबविण्यात आले, ते तयारी झाली नव्हती म्हणून नव्हे, तर थांबणे नकोसे वाटावे म्हणून.

फ्रेंच अभियंता आणि अर्थशास्त्रज्ञ ज्यूल द्युपुई याने १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी असेच निरीक्षण केले होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नाही, ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा उतारू तिसऱ्या वर्गात येऊ नये म्हणून. गरिबाला त्रास देण्याचा हेतू नसतो, श्रीमंताला भीती घालण्याचा असतो. पावसात भिजतो मात्र गरीब. द्युपुईच्या काळात डबा तरी खरा होता. येथे छप्पर बसविण्यास काहीच खर्च नाही, ते मुद्दाम काढून ठेवावे लागते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. वाट पाहण्यात आनंद आहे. दिवाळी अंकाची जाहिरात पाहून तो हाती येईपर्यंतचे दिवस, निकालापूर्वीची हुरहूर, पहिल्या पावसाची वाट, यांचा हिशेब रुपयांत करणारा अर्थशास्त्रज्ञ रुक्षच म्हणावा लागेल. एखाद्या विद्यार्थ्याने वर्षभर एका खेळाचे स्वप्न पाहिले, मित्रांशी त्यावर वाद घातला, ट्रेलरमधील एकेक दृश्य थांबवून पाहिले, तर त्यात वाईट काय आहे? काहीच नाही. हा आनंद पैसे न देताही पुरा मिळतो, एवढेच लक्षात आणून द्यावयाचे आहे. ट्रेलर फुकट आहे, वाद फुकट आहे, स्वप्न तर फुकट आहेच. पैसे दिल्याने त्यात भर पडते ती एका चिंतेची.

ग्राहक संघटित झाला तर काय होऊ शकते, याची उदाहरणे थोडी आहेत, पण आहेत. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये आपल्या नव्या खेळांची किंमत ऐंशी डॉलर करण्याचे जाहीर केले होते. ओरड झाली आणि जुलैमध्ये ती सत्तरवर परत आली. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये स्टीम या सर्वांत मोठ्या संगणकीय दुकानाच्या मालकांवर, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीवर, पैसे परत न करण्याबद्दल दावा लावला. आपण ऑस्ट्रेलियात धंदाच करीत नाही, असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१६ अखेर तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. दरम्यान जून २०१५ पासून त्या दुकानाने नवा नियम आणला: खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास पैसे परत, आगाऊ नोंदणी केलेली असेल तर विक्रीच्या दिवसापर्यंत केव्हाही परत. हा नियम आपल्याकडच्या ग्राहकालाही लागू आहे, आणि ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांतील पुष्कळांना तो ठाऊक नसतो, असा अनुभव आहे.

आपला स्वतःचा कायदाही अगदीच दुबळा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखाली केलेले ई-व्यापाराचे २०२० चे नियम संगणकीय मालालाही लागू आहेत, आणि भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी दुकानांनाही. माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील, किंवा ठरलेल्या तारखेनंतर तो दिला गेला असेल, तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. परंतु पाच हजारांच्या गेमसाठी मंचाकडे अर्ज घेऊन कोण जाणार? त्यातून मुलाने वडिलांच्या कार्डावर, वडिलांना अर्धवट सांगून, केलेली खरेदी असेल तर घरातच तिची चर्चा टाळली जाते.

या संदर्भात घरबांधणीच्या क्षेत्राकडे पाहावे. न बांधलेल्या घरासाठी पैसे भरून वर्षानुवर्षे ताबा न मिळालेली कुटुंबे मुंबई-पुण्यात थोडी नव्हती. त्यावर २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचे काम सुरू झाले. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यावयाची नाही, गोळा झालेल्या पैशांपैकी सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावयाचे, ताब्याची तारीख पाळली नाही तर व्याज द्यावयाचे, अशी बंधने बिल्डरांवर आली. घर आणि गेम यांची बरोबरी कोणी करणार नाही. परंतु त्यामागचे तत्त्व लहान व्यवहारालाही लावता येते. आगाऊ नोंदणी घ्यावयाची तर खेळ विक्रीस येईपर्यंत पैसे कापू नयेत. ज्या ज्या यंत्रावर खेळ विकणार त्या प्रत्येकावरील खरे चित्रण विक्रीच्या आधी दाखवावे. आणि विक्रीनंतर निदान आठवडाभर परतावा द्यावा. यांतील एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

आगाऊ नोंदणीवाचून धंदा चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील टीम चेरी या तीन माणसांच्या मंडळीचे उदाहरण पाहावे. त्यांचा ‘हॉलो नाइट’ हा पहिला खेळ २०१४ मध्ये मिळालेल्या लोकवर्गणीतून उभा राहिला आणि २०१७ मध्ये आला. ‘सिल्कसाँग’ या पुढच्या खेळाची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. त्यानंतर साडेसहा वर्षे लोकांनी वाट पाहिली. त्यांच्या अधीरतेची थट्टा हा स्वतंत्र करमणुकीचा विषय झाला. या मुदतीत पहिल्या खेळाच्या उत्पन्नावर मंडळी शांतपणे काम करीत राहिली. २१ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांनी सांगितले, की खेळ दोन आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला येईल. किंमत वीस डॉलर. स्टीमवर आगाऊ नोंदणी ठेवलेली नव्हती, महाग आवृत्ती नव्हती, चार दिवस आधी कोणाला देण्याचा प्रकार नव्हता. त्या दिवशी गर्दी एवढी उसळली, की स्टीमसकट अनेक दुकानांचे व्यवहार काही वेळ ठप्प झाले. ज्यांना त्या तासांत तो घेता आला नाही त्यांनी रात्री घेतला किंवा दुसऱ्या दिवशी घेतला, आणि त्यांनाही त्याच किमतीला तोच खेळ मिळाला.